वाघाच्या शेजाऱ्यांनी पाहिलेला डायनासोर

'जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ' आमच्या घरात नापास झाला, तोही अशा मुद्द्यावर, ज्याबद्दल मी कुठे एक ओळ वाचली नव्हती. वाचलेल्या तक्रारी ठरलेल्या होत्या. कथेत दम नाही. बोटीवरचं ते कुटुंब उगाच घुसडलंय. स्कार्लेट जोहान्सनच्या केसालाही धक्का लागणार नाही, हे सुरुवातीलाच कळतं. चॉकलेटच्या एका कागदामुळे अख्ख्या प्रयोगशाळेचा बंदोबस्त कोलमडतो, हे काही पटत नाही. आणि शेवटी सगळ्यांचं एकच पालुपद, पहिल्याची सर कशालाच नाही. माझ्या सासऱ्यांचं यातलं काहीच म्हणणं नव्हतं. त्यांनी हाताची घडी घालून सगळा पिक्चर पाहिला, बाहेर आल्यावर पावसात बिडी पेटवायचा प्रयत्न केला, ती पेटेना, तेव्हा म्हणाले, "शिकारीले निंगालेलं जनावर एवढं बोंबलते काय? हरण थांबून राहीन काय त्याच्यासाठी?"

पिक्चर ४ जुलै २०२५ला आपल्याकडे लागला. पेरण्या आटोपल्या होत्या, कपाशी चार पानांवर आली होती आणि झड लागली. झडीत काळ्या मातीत पाय ठेवायची सोय नसते, डवरे पडवीत पडून राहतात आणि घरातली माणसं एकमेकांवर खेकसू लागतात. माझ्या मुलानं नेमका हाच मोका साधला. "आबाजी, चाला ना चंद्रपूरले, डायनासोर पाहू." एरवी त्यांनी त्याला हाकलून लावलं असतं. पण झडीचा दुसरा का तिसरा दिवस होता, आणि घरात बसून त्यांचा जीव विटला होता. सासूबाईही निघाल्या, कारण मागच्या एका भागात इरफान खान पार्कचा मालक होता आणि या भागात तो परत येईल अशी त्यांना आशा होती. तो २०१५च्या भागात हेलिकॉप्टरसकट गेला, आणि खराखुरा इरफान २०२०मध्ये गेला, हे मी त्यांना रस्त्यात सांगितलं. "तरी म्या म्हटलं होतं, मालकानं सोता हेलिकॉप्टर चालवू नाही," एवढंच म्हणाल्या.

मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मताला मी एवढी किंमत का देते ते सांगते. आमचं गाव वरोरा-चिमूर भागातलं, आणि आमचं एक शेत जंगलाला अगदी चिकटून आहे. ताडोबाला येणारे पाहुणे जिप्सीत बसून वाघ बघतात. तोच वाघ रात्री आमच्या धुऱ्यावरून जातो. मागच्या हिवाळ्यात मी शिदोरी घेऊन शेतात गेले होते. एका बाजूला तूर उभी, दुसऱ्या बाजूला ओलितातला हरभरा, मधून बैलबंडी चाललेली. अचानक डावा बैल थांबला. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, कान तुरीकडे, आणि पुढचा एक पाय उचललेला तो तसाच अधांतरी. मामाजींनी कासरा ओढला नाही, की बैलाला हाकही मारली नाही. हातातली काठी हळूच बंडीत ठेवली आणि मला डोळ्यांनीच 'बस' म्हणाले. आंब्यावर मघापासून कलकल करणाऱ्या साळुंक्या गप्प झाल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बैलानं पाय खाली टेकवला, फुर्रर केलं आणि आपणहून चालू लागला. पुढे हरभऱ्याच्या ओलीत पंजा उमटलेला होता. ताटलीएवढा. त्यात कडेनं पाणी अजून झिरपत होतं.

वाघ आम्हाला दिसला नाही. तुरीतलं एक पानही हललं नाही. मला ताप भरला तो त्या न दिसलेल्या वाघामुळे.

आता १९९३चा पहिला 'जुरासिक पार्क' आठवा. आपल्याकडे तो १९९४मध्ये हिंदीत आला आणि इंग्रजी न कळणाऱ्या लाखो माणसांनी पहिल्यांदा हॉलिवूडचं जनावर आपल्या कानांनी ऐकलं. खेड्यात तो पुढे भाड्याच्या व्हिडिओवर पोचला, अंगणात, रात्रभराच्या तीन पिक्चरांपैकी एक म्हणून. सव्वादोन तासांपासून जरा कमी लांबीच्या त्या सिनेमात डायनासोर मिळून साधारण पंधरा मिनिटं दिसतात. बाकीचा वेळ आपण वाट पाहतो. कुंपणापाशी बकरी बांधलेली असते. थोड्या वेळानं बकरी नसते, दोर लोंबत असतो. गाडीतल्या पेल्यातलं पाणी थरथरतं. ती थरथर आणण्यासाठी त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती छेडली होती. एवढा खर्च, एवढे संगणक, आणि अंगावर काटा आला तो तारेनं हललेल्या पाण्यामुळे. स्टीवन स्पीलबर्ग वरोरा तालुक्यात कधी राहिला नसावा, पण मामाजींच्या बैलाचं त्याला कळलं होतं.

आवाजाचंही असंच आहे. पहिल्या सिनेमातल्या टी-रेक्सची ती प्रसिद्ध डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांचे आवाज मिसळून तयार केलेली आहे. हे मी परतीच्या वाटेवर मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, तेव्हा मामाजी खूश झाले. "म्या म्हटलं ना, आपलाच हाय थो!" पण लगेच त्यांनी दुरुस्ती केली. वाघ डरकाळी फोडतो ती दुसऱ्या वाघाला बजावायला, नाहीतर वाघिणीला बोलवायला. पिल्लं जवळ असतील तर गुरगुरतो, की बाबा, मागे फिर. गारा, म्हणजे शिकार, करायला निघालेला वाघ खोकतसुद्धा नाही. ओरडतात ती माकडं आणि चितळं. म्हणजे भीतीचा आवाज शिकारीकडून येतच नाही, तो ज्याचा जीव जाणार त्याच्याकडून येतो. नव्या सिनेमात मात्र प्रत्येक जनावर आधी तोंड वासून, थुंकी उडवून, पडदा हादरेस्तोवर ओरडतं आणि मग धावतं. तोवर माणसं अर्थातच लांब पळालेली असतात.

यावर माझ्या मुलानं काढलेला मुद्दा मला बिनतोड वाटला. "आबाजी, थे डायनासोर होत. वाघ नव्हे. थे ओरडत नव्हते हे तुमाले कोनं सांगितलं?" खरंच की. कोणीच ऐकलेलं नाही. पण त्यांचे जे नातलग आज हयात आहेत, म्हणजे पक्षी आणि मगरी, त्यांतले पुष्कळजण तोंड मिटून घुमतात. शहामृग तसाच घुमतो, मगर पाण्यात तशीच घुमते, आणि तो आवाज कानाआधी छातीला कळतो. त्यावरून काही अभ्यासकांचा कयास आहे की मोठे डायनासोरही तोंड उघडून गर्जना करण्यापेक्षा तोंड मिटून घुमत असावेत. मी हे सांगितलं तर आजोबा आणि नातू दोघांनीही आपापला विजय झाल्याचं जाहीर केलं.

मुलाला सिनेमा आवडला, हे नोंदवायला हवं. त्याच्या वर्गातल्या सगळ्या पोट्ट्यांना आवडला. नदीकाठी झोपलेला टी-रेक्स, त्याच्या शेजारून रबरी होडी ओढत नेणारी मुलगी, होडी फुगवतानाचा तो आवाज आणि मग नदीतला पाठलाग, या दहा मिनिटांसाठी तो आणखी एकदा तिकीट काढायला तयार होता. ते दृश्य मलाही आवडलं. आणि गंमत म्हणजे मामाजींनाही, निम्मं. झोपलेला होता तोवर. "झोपलेलं जनावर बराबर दाखवलं. कान हालते, पोट हालते, आपल्याले वाटते मेलं." पुढचं त्यांना पटलं नाही. एवढ्या मोठ्या धुडानं मूठभर पोरीसाठी पाण्यात एवढी दमछाक करून घ्यायची? जंगलातलं जनावर हिशेबी असतं. किती पळायचं आणि त्या बदल्यात किती मांस मिळणार, हे न जमणारा वाघ उपाशी मरतो.

मला वाटतं, या मालिकेचं कुठं बिनसलं ते या हिशेबातच सापडतं. पहिल्या सिनेमातली जनावरं भुकेली होती, नाहीतर आपली हद्द राखत होती. आजारी पडलेली एक ट्रायसेराटॉप्स तर नुसती पडून होती, आणि तिच्या शेणाचा ढीग उपसणारी बाई मला आजही त्या सगळ्या कथेतली सर्वांत जिवंत व्यक्ती वाटते. पुढे पुढे जनावरांचा पोटाशी संबंध सुटत गेला. २०१५मध्ये प्रयोगशाळेत जुळवलेला इंडोमिनस आला, २०१८मध्ये त्याचा धाकटा भाऊ इंडोरॅप्टर. २०२५मध्ये डिस्टॉर्टस रेक्स, सहा हातापायांचा, डोकं सुजल्यासारखं. शेवटी तो धुरातून आणि लाल उजेडातून असा प्रकट होतो, जणू वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरतोय. तो कशासाठी मारतो, कुठं झोपतो, काय खाऊन एवढा वाढला, याचा पत्ता नाही. तो फक्त शेवट आला म्हणून येतो. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सची नजर मोठी आहे, धुक्यातून आकार दाखवायची हातोटी त्याच्याकडे आहे, आणि पटकथा तर पहिल्या सिनेमाचा सहलेखक डेव्हिड केप यानंच लिहिलीय. तरीही हे राक्षसाचं खूळ का सुटलं नाही?

उत्तर सिनेमातच दिलेलं आहे, आणि मला ते प्रामाणिक वाटलं. या भागात माणसांना डायनासोरचा कंटाळा आलेला आहे. संग्रहालयात कोणी फिरकत नाही म्हणून ते बंद होतंय. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक भलाथोरला म्हातारा डायनासोर मरायला टेकलाय आणि लोक वैतागलेत ते वाहतूक तुंबली म्हणून. हा टोमणा थेट आपल्याला, तिकीट काढून बसलेल्यांना आहे. तुम्हाला साधं जनावर पुरेना, म्हणून आम्ही सहा हातापायांचं केलं. २०१५च्या सिनेमातही पार्कवाले हेच म्हणत होते. धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं चुकलं असंही नाही. त्या भागानं जगभरात १६० कोटी डॉलरच्या वर कमावले, आणि एवढी नाकं मुरडूनही या नव्यानं ८० कोटींचा आकडा मागे टाकला.

पण कंटाळा? आमच्याकडे या म्हणावं. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायांना विचारा, वाघाचा कंटाळा येतो का. राग येतो, भीती वाटते, कधी कधी त्याच्या देखणेपणाचं कौतुकही करतात. गावातली बाई त्याच्या तोंडी गेली की त्याच तोंडांनी शिव्याशाप देतात आणि वनखात्याच्या गाडीला अडवतात. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे अवनी वाघीण होती, नोव्हेंबर २०१८मध्ये तिला गोळी घातली. तेव्हा देशभर लोक तिच्या बाजूनं बोलले आणि त्या भागातल्या कित्येक गावांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन्ही माणसं खरी होती. पण त्या वाघिणीला आणखी दोन पाय लावा म्हणजे मजा येईल, असं दोन्हीकडच्या कोणाच्या मनात आलं नसतं. चार पायांतच सगळं होतं.

सासूबाईंचं समीक्षण वेगळ्या दिशेनं गेलं. कथेत एक औषध कंपनी तीन सर्वांत मोठ्या जनावरांचं रक्त मिळवायला माणसं पाठवते. पाण्यातलं एक, जमिनीवरचं एक, आकाशातलं एक, तेही जिवंतपणीच काढलेलं. त्यातून हृदयविकारावर औषध होणार असतं. शास्त्रज्ञ म्हणतो, हे सगळ्यांना फुकट द्यावं. कंपनीचा माणूस म्हणतो, छे. सासूबाईंना रोज रक्तदाबाची गोळी लागते. त्या शेजारच्या खुर्चीतून माझ्या कानात म्हणाल्या, "निंगालं औषध, तं आपल्याले केवढ्याले पडीन?" सगळ्या सिनेमात मला याहून नेमका प्रश्न सापडला नाही. आणि सिनेमाही तो प्रश्न काढून ठेवतो आणि पुन्हा पळापळीत विसरतो.

आता ज्या दृश्यासाठी मी या सिनेमाचं सगळं माफ करीन, त्याबद्दल. उंच गवताचं मैदान. शास्त्रज्ञ पुढे चालतोय. गवतातून एक मान वर येते, मग दुसरी, आणि टायटॅनोसॉरची जोडी एकमेकांच्या मानेला मान घासत उभी राहते. मागे पहिल्या सिनेमातलं ते जुनं संगीत. शास्त्रज्ञाचे डोळे भरतात. कोणी ओरडत नाही, कोणी पळत नाही. सबंध थिएटरात तेवढा वेळ पॉपकॉर्नच्या पिशव्यांची कुरकुर थांबली होती. मामाजी पुढे सरकून बसले. मला मात्र भलतंच काही आठवत होतं, आणि ते त्यांना कधी एकदा सांगते असं झालं होतं.

ज्या टायटॅनोसॉरसच्या नावावरून ही सगळी जमात ओळखली जाते, त्याची हाडं जबलपूरची. कॅप्टन स्लीमननं ती १८२८मध्ये उचलली आणि रिचर्ड लायडेकरनं १८७७मध्ये त्यांना नाव दिलं. आणि त्याच्याच कुळातल्या जनावरांची हाडं आमच्या पायाखाली आहेत. वरोऱ्याच्या उत्तरेला पिसदुरा म्हणून गाव आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, अभ्यासक तिथल्या शेतातून जीवाश्म गोळा करत आलेत. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर एका टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३पासून त्याला आयसिसॉरस म्हणतात, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. ही जनावरं साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची. त्यांच्या थरांवर पुढे लाव्हा पसरला, त्या लाव्ह्याचा दगड झाला, दगड झिजून काळी माती झाली, आणि त्या मातीत आम्ही कपाशी लावतो. (खरा जुरासिक काळ हवा असेल तर गडचिरोलीत सिरोंच्याकडे जावं लागेल, वडधमला जीवाश्म उद्यानही आहे. सिनेमातली बरीचशी नावाजलेली जनावरं, टी-रेक्ससकट, जुरासिकमधली नाहीतच, त्यानंतरच्या क्रेटेशियस काळातली आहेत. आमची पिसदुऱ्याचीही.)

पिसदुऱ्याची जगभर खरी ख्याती मात्र हाडांपेक्षा शेणामुळे झाली. दगड झालेलं शेण. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ मानत होते की डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतंच, ते नंतर आलं. २००५मध्ये पिसदुऱ्याच्या त्या दगडी शेणात गवताचे सूक्ष्म वालुकामय कण सापडले आणि तो समज मोडला. ते शेण बहुधा टायटॅनोसॉरचं. आणि २०११मध्ये आणखी पुढचं निघालं, त्यांत धानाच्या कुळातल्या गवताचेही कण होते. म्हणजे हॉलिवूडवाल्यांनी टायटॅनोसॉरला उंच गवतात उभं केलं, त्याला थोडाफार आधार असलाच तर तो आमच्या तालुक्यातल्या शेणाचा आहे.

हे मी भद्रावतीच्या अलीकडे एका टपरीवर, चहा घेताना सांगितलं. मामाजींनी बशी खाली ठेवली. "म्हंजे पिक्चर त्यायचा, पैसा त्यायचा, आन् आपल्या वाट्याले शेण." टपरीवाला हसला. मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "धान खात होते म्हन्ते?"

"धानाच्या कुळातलं गवत, मामाजी."

"थे एकच. मंग रोह्यात आन् त्याच्यात काय फरक? रोही एका रातीत अर्धा एकर साफ करते. हे तं..." (रोही म्हणजे नीलगाय.) आणि त्यांनी टपरीच्या छपराकडे पाहून जनावराच्या उंचीचा अंदाज घेतला.

मुलाला यात पुढच्या भागाची कथा दिसली. गाडीत बसल्यापासून त्यानं ती रचायला घेतली. प्रयोगशाळेतून सुटलेली टायटॅनोसॉरची जोडी पोहत-बिहत भारतात येते आणि थेट पिसदुऱ्यात, माहेरी. कोणालाही खात नाही. रात्री फक्त सिंदेवाहीकडच्या धानात आणि आमच्या तुरीत शिरते. कुंपणाची झटका मशीन तिला गुदगुल्यांसारखी लागते. सासूबाईंनी सुचवलं, गोफणीनं हाकलायचं. मामाजी म्हणाले, ते जाऊ द्या, नुकसानभरपाईचं बोला. अर्ज करावा लागेल, सातबारा जोडावा लागेल, वनरक्षक येईल, तलाठी येईल, पायाच्या ठशांची मापं घेतील. पण ठसा एवढा मोठा की तलाठी त्यात उभा राहून ठसा शोधत बसेल. आणि अर्जात वन्यप्राण्यांची जी यादी असते, रानडुक्कर, रोही, हरीण, हत्ती, तीत हे नाव नाही म्हटल्यावर प्रकरण नागपूरला जाईल, तिथून मुंबईला.

"तोवर थे दुसरं पीक खाईन," सासूबाई म्हणाल्या.

"खाऊ दे," मामाजी म्हणाले. "पन रोही म्हनून लिहून देजो, बापू. रोह्याचे पैसे तरी भेटते."